रविवारी विहार उघडा ठेवायचा असेल तर

आधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. आमच्या गावात ती मंडळाच्या अध्यक्षांकडे असायची आणि अध्यक्ष दिवसभर वावरात. विहार उघडायचं म्हटलं की एखाद्या पोराला सायकलवर धुऱ्यापर्यंत पिटाळायचं. त्यामुळे कुलूप निघायचं ते १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, दसऱ्याला, ६ डिसेंबरला, नाहीतर कुणाच्या मयतीनंतरच्या पुण्यानुमोदनाला. पावसाळ्यातल्या वर्षावासात आज्या संध्याकाळी ग्रंथ वाचायच्या. पोट्टे यायचे ते खीर वाटायच्या वेळी, बरोब्बर.

मी समुद्रपूर तालुक्यातला. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. रिटायर झाल्यावर चार वर्षांपासून विहारात रविवारचा वर्ग घेतो. विषय एकच: जगात बौद्ध कुठं कुठं आहेत, कसे राहतात, आणि पुढं त्यांचं काय होणार. हा विषय काहून घेतला, तर वंदना पोरांना पाठ होती आणि बाबासाहेबांचं चरित्र शाळेत, घरात, गाण्यांत येतच होतं. पण आपल्या वस्तीपलीकडे बौद्ध माणूस म्हणजे कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही धड माहीत नव्हतं.

तुमच्या गावात असं काही सुरू करायचं असेल तर मी काय केलं आणि कुठं तोंडघशी पडलो ते सांगतो.

वेळ पोरांच्या कामाकडे पाहून ठरवा. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी आठला वर्ग असतो. दिवाळीनंतर बरीच पोरं रविवारी घरच्यांबरोबर कापूस वेचायला जातात, म्हणून तेव्हा संध्याकाळी सहाला. हे न पाहता वेळ ठेवली की पहिल्या महिन्यात एकवीस पोरं आणि तिसऱ्या महिन्यात चार, असं होतं. माझं झालं. पाऊण तासाच्या वर बसवू नका. सुरुवातीला झाडू, मग त्रिसरण-पंचशील, मग विषय. झाडू सगळ्यांनी मारायचा; मुलींच्या हातात झाडू आणि मुलांच्या हातात माईक, असं दिसलं की तिथंच थांबवा.

हजेरी मी वेबिलसारखी लिहितो. एसटीत आम्हा कंडक्टरांना वेबिलवर लिहावं लागायचं, कोणत्या थांब्यापर्यंत किती तिकिटं गेली. वर्गाचंही तसंच लिहा: कोण चढलं, कोण उतरलं, कोणत्या इयत्तेत उतरलं. वर्षभरानं वही पाहिली तेव्हा कळलं की मुलगे दहावीला उतरतात, शिकवणी लागते म्हणून. मुली सातवी-आठवीलाच उतरतात, आणि कारण कुणी सांगत नाही. मग मी दोन घरी जाऊन बसलो, चहा घेतला, कारण विचारलं नाही, फक्त वर्ग वेळेवर संपेल एवढं सांगितलं. पुढच्या रविवारी तिघी आल्या. तेव्हापासून हिवाळ्यातही पावणेसातला कुलूप, आणि मुलींना घरापर्यंत सोडायला एक आजी ठरलेली.

आता नकाशा. स्टेशनरीच्या दुकानातला छापील नकाशा भिंतीवर लावला तर पोरं आठ दिवस पाहतात, मग त्यावर पाल बसते. त्यापेक्षा खडूनं फरशीवर काढा. आकार चुकला तरी बिघडत नाही. माझा जपान काकडीसारखा निघाला होता. आणि एक वाटी तूर घ्या.

एक दाणा म्हणजे दहा लाख माणसं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२५ साली जगातल्या धर्मांचा हिशेब छापला. त्यात २०२० साली बौद्ध ३२ कोटी ४० लाख, म्हणजे जगातल्या शंभर माणसांत चार. पोरांकडून ३२४ दाणे मोजून घ्या. मोजण्यातच पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या. मग भारताचे काढा. २०११ च्या जनगणनेत भारतात बौद्ध ८४ लाख, म्हणजे आठ दाणे आणि वर एक डाळ. तुरीचा दाणा फोडला की दोन डाळी होतात, तेव्हा अर्ध्याची सोय आपोआप होते. त्यातले महाराष्ट्रातले ६५ लाख, म्हणजे सहा दाणे आणि ती डाळ. उरलेल्या दोन दाण्यांत लडाख, सिक्कीम, अरुणाचल, उत्तर प्रदेश, सगळं आलं. दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या सालच्या आहेत हेही सांगून टाका, नाहीतर एखादं हुशार पोरगं पकडतं.

हे पहिल्यांदा केलं तेव्हा सातवीतला एक पोरगा आपल्या तळहातावरचे साडेआठ दाणे पाहून म्हणाला, "एवढेच? मोबाइलवर तं गंज सांगतात." बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर दर बुद्धपौर्णिमेला फुगवलेले आकडे फिरतात. त्यांच्याशी भांडत बसू नका. दाणे मोजायला लावा.

मग खरा प्रश्न येतो. त्याच हिशेबात २०१० साली बौद्ध ३४ कोटी ३० लाख होते. म्हणजे आधी ३४३ दाणे मांडायचे आणि एकेका पोरानं एकेक करून एकोणीस उचलायचे. मोठ्या धर्मांपैकी दहा वर्षांत माणसं घटली ती एकट्या बौद्धांची. पोरं लगेच विचारतात, "मारले का?" नाही. पूर्व आशियात माणसं म्हातारी झाली, मुलं कमी जन्मली, आणि जन्मली त्यांतल्या बऱ्याच जणांनी मोठं झाल्यावर धर्माच्या रकान्यात 'कोणताच नाही' लिहिलं. त्यातले काही अजून देवळात जातात, धूप लावतात. मोजणीत फक्त येत नाहीत.

इथं जपानवर जरा जास्त वेळ थांबा, कारण जपानचं खेडं आपल्या पोरांना लगेच समजतं. तिथं बौद्ध मंदिरं पाऊण लाखाच्या आसपास आहेत. पिढ्यान्‌पिढ्या गावातली घरं आपापल्या मंदिराला बांधलेली. मयतीचे विधी आणि पूर्वजांच्या कबरी मंदिराकडे, त्यावर मंदिराचा खर्च चाले. आता तरुण शहरात गेले, घरं बंद पडली, एकेका पुजाऱ्याकडे दोन-दोन, तीन-तीन मंदिरं आली, कित्येक ओस पडली. आमच्या वस्तीतले अकरा पोरगे चाकणला कंपनीत आहेत. मी पोरांना म्हटलं, आपल्या रांगेत कुलूप लागलेली घरं मोजून या. सात निघाली. जपानवर त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही.

पुढं दर रविवारी एक देश, म्हणजे एक थांबा. नियम एवढाच ठेवा की प्रत्येक थांब्यावर हाताला लागेल असं काहीतरी हवं.

श्रीलंकेला झेंडा. आमच्या पोरांना वाटायचं पंचशील झेंडा नागपुरात तयार झाला. तो कोलंबोत तयार झाला, आणि १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला पहिल्यांदा फडकला. दांडीवरून उतरवून त्याचे पट्टे हातात घेऊन मोजू द्या. तिथली मुलं रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून विहारातल्या धम्मशाळेत जातात, आपल्या वर्गाची कल्पना तिथूनच उचललेली आहे. ब्रह्मदेशाला दीक्षेचा फोटो पुरतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील देणारे चंद्रमणी महास्थवीर मूळ ब्रह्मदेशाचे, राहायला कुशीनगरला. फोटो प्रत्येक घरात आहे, त्यातल्या म्हाताऱ्या भंतेंकडे बोट दाखवून हे कोण, असं विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येत नाही.

तैवानला बांबूचा गल्ला. १९६६ साली चेंग येन नावाच्या भिक्खुणीनं तीस गृहिणींना बांबूच्या नळकांड्यात रोज पन्नास सेंट टाकायला सांगितलं, बाजाराला निघण्याआधी. त्यातून त्झू ची नावाची संस्था झाली, आज ती भूकंप-पुरात जगभर मदत घेऊन जाते, तिचे स्वतःचे दवाखाने आहेत. आम्ही बुरडाकडून बांबूची चौदा पेरं कापून आणली, वर चीर पाडली. रोज एक रुपया, जमेल तसा. चार महिन्यांनी फोडले तर अकराशे चाळीस निघाले. मला वाटलं होतं पोरं एखाद्या आजीच्या चष्म्याचं नाव काढतील. मतदान घेतलं, नऊ विरुद्ध चार मतांनी कॅरम बोर्ड निवडून आला. मी तोंड पाडून बसलो. पण खरं सांगतो, त्या कॅरममुळे दहावीचे उतरलेले तीन मुलगे परत आले. चष्मा दुसऱ्या खेपेला घेतला. मतदान घेतलं तर निकाल मानावा लागतो, एवढं आधीच स्वतःला बजावून ठेवा.

हंगेरीला काही विकत आणायला नको. तिथले बरेच रोमा लोक गावकुसाबाहेर राहतात, त्यांच्या पोरांना कित्येक ठिकाणी शाळेत वेगळं बसवतात. त्यांच्यातल्या काहींनी बाबासाहेब वाचले, बौद्ध झाले, २००७ साली जय भीम नेटवर्क काढलं, आणि साजोकाझा नावाच्या गावात डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा काढली. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून गेलेले. रोमानी भाषेत पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान म्हणतात. एका पोरानं पाणी प्यायला उठावं आणि जोरात 'पानी' म्हणावं, बाकीच्यांनी हंगेरी शोधावी; आमच्याकडे हा खेळ दोन महिने चालला.

जपानसाठी मात्र सहल काढा, आणि लांब नको. वर्ध्याला गीताई मंदिराजवळ विश्वशांती स्तूप आहे, जपानच्या निचिदात्सु फुजी गुरुजींच्या पंथाचा. स्वच्छ पांढरा, चारी दिशांना बुद्धमूर्ती. त्या पंथाचे भिक्खू हातातला ढोल वाजवत 'नामु म्यो हो रेंगे क्यो' म्हणतात. पोरांना पहिला धक्का तिथं बसतो: हे बौद्ध आहेत, मग बुद्धं सरणं काहून म्हणत नाही? हाच प्रश्न पडावा म्हणून तर न्यायचं. फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्याला आले ते गांधीजींना भेटायला. आमच्या वस्तीत गांधींचं नाव काढलं की दोन माणसं उठून जातात, आणि पुणे करार आठवला की त्यांचं चुकतं असंही मला वाटत नाही. तरी मी पोरांपासून ते लपवलं नाही. सांगितलं, फुजी गुरुजी गांधीजींना फार मानायचे, आपण का मानत नाही ते तुमच्या आजोबांना विचारा.

जाताना एसटीनंच जा. हे मी एसटीचा म्हणून सांगत नाही. पहिल्या वर्षी आम्ही खासगी गाडी ठरवली, आगाऊ पैसे दिले, आणि सकाळी सहापासून नऊपर्यंत एकोणीस पोरं डबे घेऊन फाट्यावर उभी. गाडीवाल्यानं लग्नाचं भाडं पकडलं होतं. एसटीत बारा वर्षांपर्यंत हाफ, बायांना हाफ, हिंगणघाटला गाडी बदलायची. ज्यांना जमेल त्यांनी कामठीचं ड्रॅगन पॅलेस पाहावं, तेही जपानी मदतीनं उभं राहिलेलं. पवनीचे जुने स्तूप, भद्रावतीची विजासन लेणी, हे तर आपलंच घर. विदर्भात बौद्ध १९५६ ला आले असं समजणाऱ्या पोराला विजासनच्या दगडात कोरलेल्या बुद्धासमोर पाच मिनिटं नुसतं उभं करा.

आता अडचणीच्या गोष्टी. बहुतेक लोक त्या टाळतात. मीही दोन वर्षं टाळल्या, आणि मला त्या टाळता येऊ नयेत अशी एक गोष्ट नोकरीतच घडलेली होती.

दसऱ्याचे दिवस. वर्धा–नागपूर गाडी, दीक्षाभूमीची गर्दी, सेलूपर्यंत पाय ठेवायला जागा नाही. वर्ध्यालाच एक परदेशी भंते चढले होते, बहुधा थायलंडचे. पुढच्या सीटवर पांढरं लुगडं नेसलेली एक आजी होती. तिनं पिशवी मांडीवर घेतली, सरकली, म्हणाली, "बसा भंतेजी." भंतेंनी हात जोडले, हसले, आणि उभेच राहिले. तिनं पुन्हा जागेवर हात थापटला. ते पुन्हा हसले. मग आजी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी बोलली, "काहून बाप्पा? आमचा विटाळ होते का यायले?"

गाडीतला आवाज बसला. ज्या माणसांचे बाप विहिरीवरून हाकललेले, त्या माणसांनी भरलेली गाडी ती. मी भंतेंना माझ्या कंडक्टर सीटवर बसवलं आणि तिकिटं फाडत मागं गेलो. उत्तर नव्हतं माझ्याकडे. नागपूरला एका ओळखीच्या भंतेंना विचारलं तेव्हा कळलं: थेरवादी, म्हणजे श्रीलंका-ब्रह्मदेश-थायलंडकडच्या परंपरेचे, भिक्खू विनयाच्या, म्हणजे संघाच्या, नियमामुळे बाईच्या अंगाला अंग लागेल असं बसत नाहीत, मग ती राणी असो की कुणी असो. जातीचा संबंध नाही. पण आजी सीताबर्डीलाच उतरून गेली होती.

हा प्रसंग मी वर्गात नाटक म्हणून करवून घेतो. एक पोरगा भंते, एक पोरगी आजी, दोन बाकं म्हणजे गाडी. नाटक झालं की विचारतो, चूक कुणाची? पहिल्यांदा सगळे म्हणाले, कुणाचीच नाही. मग आठवीतली एक मुलगी म्हणाली, नियम विटाळाचा नसेल, पण उभं राहायला लागलं ते बाईमुळे ना? ह्याला मी काय उत्तर देणार. मी तिला पुढची गोष्ट सांगितली. बुद्धांच्या काळात महाप्रजापती गौतमीपासून भिक्खुणी संघ होता. थेरवाद देशांत तो पुढं खंडित झाला, आणि १९९६ साली सारनाथला श्रीलंकेच्या काही स्त्रियांनी उपसंपदा, म्हणजे भिक्खुणीची पूर्ण दीक्षा, घेतली तेव्हा पुन्हा धागा जोडला गेला. थायलंडचा अधिकृत संघ अजूनही भिक्खुणींना मान्यता देत नाही. तिथल्या बाया श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घेतात. आणि भूतानमध्ये जून २०२२ मध्ये एकाच वेळी १४४ जणींना पूर्ण उपसंपदा मिळाली, खुद्द तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या हातून. धम्माचं पुढं काय होणार, असं कुणी विचारलं तर मी ह्या १४४ चा आकडा सांगतो.

तसंच म्यानमार, म्हणजे तोच ब्रह्मदेश. २०१७ साली सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान जीव घेऊन बांगलादेशात पळाले, आणि त्यांच्याविरुद्ध भाषणं करणाऱ्यांत चीवर घातलेली माणसंही होती. हे पोरांना सांगितलं म्हणून एका पालकानं मला विहाराच्या पायरीवर अडवलं, आपल्याच लोकांची बदनामी कशाला? मी म्हटलं, पोट्टे उद्या मोबाइलवर वाचतीलच, मग मला विचारतील की सर तुम्हाला माहीत नव्हतं का. त्यांचं समाधान झालं नाही. पोरगी मात्र येते.

मोबाइल वर्गात एकच ठेवा, तोही उलटा. कोरियाच्या रविवारी मी तो सुलटा करतो. तिथं एक विनोदी कलाकार डोकं भादरून, भिक्खूचा वेश करून डीजे वाजवतो. २०२४ साली सोलच्या कंदील उत्सवात त्यानं नाचवलं, कोरियातल्या सगळ्यात मोठ्या जोग्ये पंथानं त्याला शाबासकी दिली, तरुण देवळाकडे वळतात म्हणून. मलेशियातल्या बौद्धांनी मात्र तक्रार केली आणि तिथला कार्यक्रम बारगळला. आमच्याकडे १४ एप्रिलच्या डीजेवरून दरवर्षी बैठक मोडते. मी दोन गट पाडले: एक कोरियाच्या बाजूचा, एक मलेशियाच्या. वाद एवढा रंगला की आज्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बिनबोलावता मलेशियाकडून बोलू लागल्या.

ध्यान पाच मिनिटांच्या वर नको, लहान पोरांना झोप येते.

जनगणना दारात येईल तेव्हा एक वर्ग पोरांसाठी नाही, आईबापांसाठी घ्या. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं तर सवलत जाईल, ही भीती अजून आहे. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही सवलत मिळाली, हे फळ्यावर लिहा. धर्म वेगळा रकाना, जात वेगळा रकाना. आपले साडेआठ दाणे किती खरे, ते त्या रकान्यावर आहे.

पहिलं वर्ष तुम्ही शिकवा, दुसऱ्या वर्षी देशांचे थांबे पोरांना वाटून द्या. मोठी पोरं धाकट्यांना शिकवतात तेव्हा चुका होतात. आमच्या एकानं मंगोलिया समुद्रात काढला. वर्ग संपल्यावर सांगा, मध्येच नको. चाकणची पोरं सुट्टीत आली की त्यांनाही एक रविवार द्या, कंपनीतल्या कोरियन साहेबाचं सांगायला.

किल्ली आता दहावीतल्या एका मुलीकडे आहे. अध्यक्षांना ते पटायला आठ महिने लागले. दुसरी त्यांच्याकडेच ठेवली, म्हणजे मान राहिला.

आणि तूर. डब्यात तशीच ठेवली तर पावसाळ्यात भुंगा लागतो, दाण्याला भोक पडतं आणि हिशेब चुकतो. उन्हात दोन दिवस वाळवा, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, झाकण घट्ट लावा. डबा पत्र्याचा घ्या, प्लास्टिकचा आमच्याकडे उंदरानं कुरतडला.